देवळांचा रस्ता पाण्यातून

लक्सॉर ते अस्वान हे अंतर नाईलच्या काठाने दोनशे किलोमीटरांहून थोडं अधिक. मोटारीने ते अर्ध्या दिवसात सहज कापता येतं. क्रूझची जहाजं त्यासाठी तीन किंवा चार रात्री घेतात. गच्चीवर पोहण्याचा तलाव, खोलीच्या मोठ्या काचेतून सरकणारी खजुराची झाडं, तिन्ही वेळचं साग्रसंगीत जेवण. एवढ्या चैनीत प्राचीन इजिप्त कितीसा कळणार, ही शंका अभ्यासू प्रवाशाला येते आणि ती रास्तच आहे. तरीही माझं मत असं, की दक्षिण इजिप्तची देवळं समजून घ्यायची तर नदीतूनच जायला हवं. त्यांचा दगड नदीने आणला, त्यांचे देव नदीवरून ये-जा करत, कर्नाक आणि कोम ओम्बोच्या देवळांची तर तोंडंच नदीकडे आहेत. रस्त्याने येणाऱ्याला यातलं काहीच उमगत नाही. त्याला फक्त सुट्या सुट्या इमारती दिसतात.

नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि वारा बहुतेक काळ उत्तरेकडून येतो. उत्तरेला जायचं तर प्रवाह नेतो, दक्षिणेला जायचं तर शीड उभारायचं. चित्रलिपीतही दक्षिणेच्या प्रवासासाठी शीड उभारलेली होडी काढत आणि उत्तरेच्या प्रवासासाठी शीड नसलेली. अशी दोन्ही दिशांना नेणारी वाट आयती मिळाली म्हणून अस्वानचा ग्रॅनाइट कर्नाकला पोहोचू शकला. हात्शेप्सुत राणीने तिथे उभारलेला ओबेलिस्क २९ मीटरांहून उंच आणि एकसंध आहे. असे स्तंभ प्रचंड नावेवर लादून नेतानाचं दृश्य देर अल-बहारीच्या तिच्या मंदिरात कोरलेलं आहे. देवांची वाटही हीच. ओपेत उत्सवात अमुन देव कर्नाकहून लक्सॉरच्या देवळात जाई. पुजारी त्याची छोटी नौका आपल्याकडच्या पालखीसारखी खांद्यावर घेऊन धक्क्यावर आणत आणि तिथून ती मोठ्या नावेवर चढे. तुतनखामुनच्या काळात ही मिरवणूक लक्सॉरच्या स्तंभमंडपाच्या भिंतींवर कोरली गेली: काठावरून दोर ओढणारी माणसं, वाजंत्री, नैवेद्याचे बैल, सगळा लवाजमा. दंदेऱ्याची हाथोर देवी दरवर्षी होरसच्या भेटीला प्रवाहाविरुद्ध थेट एडफूपर्यंत येई, वाटेत मुक्काम करत. तिच्यासाठी प्रवास हा उत्सवाचाच भाग होता. नावेतून जाणाऱ्या आजच्या पर्यटकाला निदान त्या उत्सवाचा वेग आणि दिशा कळते, आणि हे कुठल्याही संग्रहालयात मिळत नाही.

चैन आणि जिज्ञासा एकत्र नांदत नाहीत, हा समज तर इतिहासानेच खोटा ठरवला आहे. थॉमस कुकने १८६९ साली आपला पहिला गट वाफेच्या बोटींतून नाईलवर नेला. त्याआधीपासून धनिक युरोपीय दहाबिया ही शिडाची निवासी नाव भाड्याने घेत. वारा आहे तोवर थेट दक्षिण गाठायची आणि देवळं परतीच्या वाटेवर निवांत पाहायची, असा त्यांचा शिरस्ता. अमेलिया एडवर्ड्स ही इंग्रज लेखिका १८७३-७४च्या हिवाळ्यात अशीच निघाली. अबू सिंबेलच्या एका भव्य मूर्तीच्या चेहऱ्यावर पूर्वी कुणीतरी साचा घेताना प्लास्टर राहून गेलं होतं. तिच्या खलाशांनी ते खरवडून काढलं आणि उरलेले पांढरे डाग कॉफीने रंगवले. आज कुणी असं करू धजणार नाही. पण हीच बाई १८८२ साली इजिप्त एक्स्प्लोरेशन फंड स्थापन करण्यात पुढे होती, आणि फ्लिंडर्स पेट्रीसारख्या उत्खननशास्त्रज्ञाला त्या संस्थेने पाठबळ दिलं. तिची आस्था हौसेच्या एका जलप्रवासातच रुजली.

आता आक्षेपांकडे वळू. नदी ती राहिलेली नाही, हे खरं. अस्वानचं उंच धरण १९७० साली पूर्ण झालं, वार्षिक पूर थांबला, आणि पाण्याची पातळी मोजणारी कोम ओम्बोची विहीर निव्वळ अवशेष बनली. पण त्याची किंमतही याच वाटेवर दिसते. फिलेचं देऊळ १९७२ ते १९८० या काळात दगड दगड सुटा करून शेजारच्या अगिल्किया बेटावर हलवावं लागलं. सुमारे ५० हजार नुबियन माणसांची गावं पाण्याखाली गेली आणि त्यांना कोम ओम्बोच्या परिसरात नव्या वसाहतींत जावं लागलं. (त्या बुडत्या प्रदेशात १९६१-६२ मध्ये बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकानेही उत्खनन केलं होतं, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.) देवळांविषयी तासभर बोलणाऱ्या गाइडने या माणसांना दहा मिनिटं द्यावीत, एवढी अपेक्षा रास्त आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: या टप्प्यावर मोठे पिरॅमिड नाहीत, आणि एडफू, कोम ओम्बो, फिले ही मुख्यत्वे ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांच्या काळातली. एडफूचं बांधकाम इ.स.पू. २३७ ते ५७ असं चाललं, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडनंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी. क्रूझ म्हणजे अवघा इजिप्त, असं मानणाऱ्याची फसगत होते. कैरो आणि सक्कारा स्वतंत्रपणे पाहावेच लागतात.

माझी खरी तक्रार घाईविषयी आहे. एस्नाच्या बंधाऱ्यावरच्या जलपाशातून बोटी रांगेने सुटतात, त्यामुळे पुढच्या धक्क्याला त्या झुंडीनेच लागतात. एकीला खेटून दुसरी अशा उभ्या राहिल्या, की इतर जहाजांच्या स्वागतकक्षांतून वाट काढत काठ गाठावा लागतो. मग पहाटे घोडागाड्यांनी एडफू, तासाभरात परत, आणि न्याहारी. या गडबडीत गेबेल अल-सिल्सिला हे ठिकाण बहुतेक मोठी जहाजं न थांबताच ओलांडतात. एडफू आणि कोम ओम्बोच्या मधे नदी इथे अगदी अरुंद होते आणि दोन्ही काठांवर वालुकाश्माच्या खाणी आहेत. कर्नाकपासून एडफूपर्यंतच्या देवळांना दगड पुरवला तो इथून. छिन्नीचे घाव भिंतींवर स्पष्ट दिसतात, शेजारी होरेमहेब राजाने कोरवून घेतलेलं लेणंही आहे. दहाबिया इथे थांबतात. त्या महाग पडतात, म्हणून सगळ्यांना परवडतील असं नाही. मात्र मोठ्या जहाजावरही खोली साधी घेऊन एक रात्र वाढवता येते. लक्सॉरहून अस्वानला जाणाऱ्या फेऱ्या सहसा चार रात्रींच्या असतात, उलट दिशेच्या तीन. बुकिंग करताना तलावाचा आकार विचारण्याआधी बोट कुठे किती तास थांबते, हे विचारून घ्यावं.