घास अडकतो? मग बोटांचेही सांगा

भाकरीचा कोरडा घास छातीत अडकला की आपण वर पाणी पितो आणि "आता वय झाले" म्हणून सोडून देतो. न्यूझीलंडला मुलांकडे राहायला गेलेली मंडळी तर डॉक्टरकडे जायला आणखीच संकोचतात. ही भीड नको. गिळण्याचा त्रास नवा असेल किंवा वाढत असेल, तर आधी कर्करोग नाही ना, हे दुर्बिणीने पाहावे लागते. थुंकीही गिळता येईना, तर तिथे लगेच १११ ला फोन करावा.

पण दुर्बिणीत सगळे ठीक दिसले म्हणजे आजार नाही, असे नव्हे. त्वचा, सांधे आणि आतल्या अवयवांना आधार देणाऱ्या संयोजी ऊतकाचे काही आजार असतात. त्यांतल्या स्क्लेरोडर्मात अन्ननलिकेच्या खालच्या भागाचे स्नायू दुबळे होतात. नळी मोकळी असते, पण घास पुढे ढकलणारी लाटच मंदावते. खालची झडप सैल पडून आंबट पाणी वर येते. याची पहिली खूण बहुधा बोटांवर दिसते. थंडीत ती पांढरी, मग निळी पडतात. डनेडिनच्या हिवाळ्यात हे चटकन ध्यानात येईल. कोकणात वर्षे गेली तरी येणार नाही. पुढे कातडी ताठरते, अंगठी निघत नाही. नुसती बोटे पांढरी पडणाऱ्या बहुतेकांना गंभीर काही नसते, पण घासही अडकत असेल तर दोन्ही एकत्र सांगावे. घशाच्या तक्रारीत बोटांचे काय, म्हणून रुग्ण गप्प राहतो आणि निदान लांबते.

गिळताच ठसका लागत असेल, पाणी नाकातून येत असेल, जिना चढताना मांड्या थकत असतील, तर स्नायूंच्या दाहाचा संशय येतो. तोंड व डोळे फार कोरडे असतील तर शोग्रेन नावाच्या आजाराचा.

मग रक्त तपासतात. बेरियमचे खडूसारखे पेय पाजून क्ष-किरणांखाली ते कसे उतरते ते पाहतात. तिथे स्पीच थेरपिस्ट दिसला तर नवल वाटू नये. गिळणे तपासणे हेही त्याचेच काम. मॅनोमेट्रीत नाकातून बारीक नळी घालून पाण्याचे घोट गिळायला सांगतात आणि नळी जागोजागचा दाब मोजते. नळी जाताना उमासे येतात, खोटे कशाला सांगू. पण गुंगी देत नाहीत, कारण गिळायचे आपल्यालाच असते.

तिथे सुरुवात जीपीकडून होते. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागावा. शक्य असेल तेथे तो मिळण्याचा हक्क १९९६ च्या रुग्णहक्क संहितेत आहे. नातवाला मध्ये घालू नये. "छातीत अडकते"चे त्याने "घसा दुखतो" केले, तर तपासणीची दिशाच बदलते.