‘लॉर्ड ऑफ द फ्लाईज’ : शंख, चष्मा आणि आपला वर्ग



आज एका इंग्रजी कादंबरीची ओळख करून घेऊ. ती लिहिली आहे एका शिक्षकाने. विल्यम गोल्डिंग हे इंग्लंडमधल्या सॉल्सबरी गावी मुलांच्या शाळेत शिकवत. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते. युद्ध संपल्यावर पुन्हा वर्गावर आले आणि १९५४ साली ‘लॉर्ड ऑफ द फ्लाईज’ प्रसिद्ध झाली. १९८३ मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. वर्ग आणि युद्ध, दोन्ही जवळून पाहिलेल्या माणसाचं हे पुस्तक आहे.

कथा थोडक्यात

युद्धाच्या काळात मुलांना सुरक्षित ठिकाणी नेणारं विमान एका निर्जन बेटावर कोसळतं. मोठं माणूस एकही वाचत नाही. उरतात ती साधारण सहा ते बारा वर्षांची मुलं. राल्फ नावाच्या मुलाला एक मोठा शंख सापडतो. तो फुंकल्यावर सगळी गोळा होतात, मतदान करून राल्फला नायक निवडतात. जॅक शिकारी टोळीचा पुढारी होतो. हळूहळू फूट पडते आणि शेवटी दोन मुलांचा जीव मुलांच्याच हातून जातो.

प्रतीके काय सांगतात?

*शंख :* आपल्याकडे शंख देवघरात असतो, त्याला मान असतो. बेटावर त्याला मान मिळतो तो एका नियमामुळे. ज्याच्या हातात शंख त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. हीच झाली लोकशाही. पण शंखात स्वतःची ताकद काहीच नसते. सगळ्यांनी मानलं तोवरच तो शंख. आपली लेकरं लगोरी खेळतात तेव्हा ‘राज्य’ कोणावर हे ठरवायला पंच लागत नाही, सगळे मानतात म्हणून डाव चालतो. एकाने ‘मी नाही मानत’ म्हटलं आणि बाकीचे गप्प राहिले की डाव मोडला. बेटावर तेच होतं.

*चष्मा :* पिगी नावाच्या हुशार मुलाच्या चष्म्याने उन्हात आग पेटवतात. चष्मा म्हणजे विचार, विज्ञान. पुढे एक काच फुटते, मग उरलेला चष्माच जॅकची टोळी रात्री चोरून नेते. (विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी गंमत : पिगीला लांबचं दिसत नाही. निकटदृष्टितेसाठी अंतर्वक्र भिंग लागतं आणि त्याने सूर्यकिरण एकत्र येत नाहीत. आगीला बहिर्वक्र भिंग हवं. दहावीच्या मुलांना ही चूक शोधायला सांगा.)

*आग :* डोंगरावरचा धूर जहाजाला दिसावा म्हणून आग जपायची असते. शिकारीच्या नादात ती विझते आणि नेमकं तेव्हाच जहाज निघून जातं. शेवटी राल्फला मारण्यासाठी जंगलच पेटवतात. तो धूर पाहून युद्धनौका येते आणि मुलं वाचतात.

*भूत :* बेटावर एक हिंस्र प्राणी आहे अशी भीती पसरते. प्रत्यक्षात असतं ते मेलेल्या सैनिकाचं पॅराशूटसह लटकलेलं शरीर. भीती आपल्याच आत आहे, हे सायमन नावाच्या अबोल मुलाला कळतं. हे सांगायला तो येतो आणि नाचणारा जमाव त्यालाच प्राणी समजून मारतो. काठीवर खोचलेलं, माश्या घोंघावणारं डुकराचं डोकं म्हणजेच ‘माश्यांचा स्वामी’. बेलझेबब या सैतानाच्या हिब्रू नावाचा हाच अर्थ.

आपल्यासाठी महत्त्वाचं काय?

माझ्या मते प्राथमिक शिक्षकाने एका गोष्टीकडे जास्त लक्ष द्यावं. ‘पिगी’ हे त्या मुलाचं नाव नाही, शाळेत चिडवायचे ते नाव आहे. ‘मला तसं म्हणू नका’ असं तो राल्फला सुरुवातीलाच विनवतो. पण चांगला असलेला राल्फच ते नाव सगळ्यांसमोर फोडतो, आणि सगळे हसतात. पूर्ण कादंबरीत त्याचं खरं नाव कोणी विचारत नाही. शेवटी त्याच्यावर दगड ढकलला जातो, शंखाचाही चुरा होतो. त्याच्या मरणाची पहिली पायरी ते हसणं होतं.

आपल्या वर्गात ‘ढापण्या’, ‘जाड्या’, ‘काळ्या’ ही नावं किती सहज चालतात! घरीही चालतात. नाव गेलं की लेकराचं म्हणणं ऐकायची गरजही संपते, कारण ते बोललं तरी लोक हसतात.

दुसरं पात्र रॉजर. तो एका लहान मुलाकडे दगड फेकतो, पण मुद्दाम नेम चुकवतो. आईबाप, शाळा, पोलीस, कायदा यांचा धाक अजून त्याच्या हातात असतो. हा धाक सुटल्यावर तोच रॉजर पिगीवर दगड ढकलतो. म्हणजे केवळ धाकाची शिस्त धाक असेपर्यंतच टिकते.

मग मुलं मुळातच अशी असतात का?

तसं म्हणायची घाई नको. १९६५ मध्ये टोंगा देशातली सहा शाळकरी मुलं होडी घेऊन निघाली आणि वादळात सापडून अटा या निर्जन बेटाला लागली. सुमारे पंधरा महिने ती तिथे राहिली. त्यांनी कामं वाटून घेतली, बाग केली, पावसाचं पाणी साठवलं, आग विझू दिली नाही. एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी त्याला सांभाळलं. १९६६ मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन खलाशाने त्यांना सोडवलं तेव्हा सहाही जिवंत होते. ती आधीपासूनची मित्र होती, हा मोठा फरक.

आणि कादंबरीत मुलांना सोडवायला येणारा अधिकारी स्वतः युद्धावरच असतो. ‘तुम्ही असे कसे वागलात?’ असं विचारणाऱ्या मोठ्यांचं जगही तेच करत असतं.

वर्गात काय करता येईल?

पुस्तकात हिंसा आहे, म्हणून पहिली ते पाचवीला ते वाचून दाखवू नये. पण शंखाचा नियम घ्यावा. गोलात बसवून एक चेंडू फिरवा, ज्याच्या हाती चेंडू तोच बोलेल. शालेय मंत्रिमंडळाच्या बैठकीतही हे जमतं. कंधारच्या किल्ल्यावर सहल नेली तर दहा मिनिटं गटांना आपले नियम आपणच ठरवू द्या, आपण जवळ उभं राहून फक्त पाहा. कोणाला बोलायची पाळीच येत नाही, ते लगेच दिसेल.

पालकांनी आज घरी एवढंच विचारावं : ‘तुझ्या वर्गात कोणाला नावानं हाक मारत नाहीत?’ उत्तर आलं तर त्या लेकराचं खरं नाव काय, हेही विचारा.