पाली मंडळातील पाऊस : पर्जन्यमापक आणि रडार

पावसाळ्यात वृत्तपत्रांतून येणारे एक वाक्य उदाहरणादाखल घेऊ : 'बीड तालुक्यातील पाली मंडळात 62 मिलिमीटर पाऊस झाला.' वाक्य साधे आहे आणि व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु त्याचा काटेकोर अर्थ एवढाच, की मंडळातील एका ठिकाणी ठेवलेल्या एका यंत्रात 62 मिलिमीटर उंचीचे पाणी जमा झाले. 'मंडळात पाऊस झाला' हे आपण त्यावरून काढलेले अनुमान असते.

या अनुमानावर बरेच काही अवलंबून आहे. महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, की ती अतिवृष्टी मानली जाते. पुढे पंचनामा होऊन पिकाचे 33 टक्के वा त्याहून अधिक नुकसान आढळल्यास शेतकरी मदतीस पात्र ठरतो. म्हणजे 62 आणि 66 या आकड्यांमधले अंतर शेतकऱ्याच्या दृष्टीने चार मिलिमीटरांचे राहत नाही.

प्रथम पर्जन्यमापक पाहू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हेक्टरी हिशेब केला तर दहा हजार लिटर. साध्या मापकात नरसाळ्यातून खाली उतरलेले पाणी साठते आणि रोज सकाळी साडेआठ वाजता ते मोजपात्रात ओतून मोजले जाते. 2017 पासून राज्यात 'महावेध' प्रकल्पांतर्गत मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. अशा स्वयंचलित केंद्रांत बहुधा झुकत्या पात्राचा मापक असतो. तराजूच्या दांडीप्रमाणे जोडलेल्या दोन चिमुकल्या पात्रांपैकी एक भरले की ते कलते, रिकामे होते आणि दुसरे वर येते. प्रत्येक कलण्याची विद्युत नोंद होते. योजना चतुर आहे, पण मुसळधार सरीत पात्र कलत असतानाही पाणी कोसळतच असते आणि त्यातील काही मोजणीतून निसटते. नेमक्या अतिवृष्टीच्या वेळीच यंत्राने थोडे कमी सांगावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

वाराही आकडा घटवतो. मापकाच्या काठाशी हवा वर उचलली जाते व हलके थेंब तोंडावरून पलीकडे वाहून जातात. म्हणून मापक जमिनीलगत, उघड्या जागी आणि झाड वा भिंत यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर ठेवण्याचा दंडक आहे. हिमवर्षावात हा दोष फारच वाढतो, कारण हिमकण पिसासारखे तरंगतात. हिमालयात बर्फाची जाडी मोजून भागत नाही. ते वितळवून त्याचे पाणी मोजावे लागते. ताज्या भुसभुशीत बर्फाच्या दहा सेंटिमीटर थरातून ढोबळमानाने एक सेंटिमीटर पाणी निघते.

हे सर्व दोष सुधारले तरी मूळ अडचण उरतेच. मापकाचे तोंड 200 चौरस सेंटिमीटर आणि मंडळाचे क्षेत्र 100 चौरस किलोमीटर धरले, तर तो आपल्या तोंडाच्या 500 कोटी पट भूमीच्या वतीने बोलत असतो. बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते, असे आपल्याकडे म्हणतात, ते अशा पावसाविषयीच. पालीजवळील बिंदुसरा धरणाचे उदाहरण घ्या. त्यात येणारे पाणी मुख्यतः बालाघाटच्या डोंगरउतारांवरचे असते. डोंगरावर ढग रिता झाला आणि खालचे मापक जेमतेम ओले झाले, तरी धरणाची पातळी वाढते.

मग संपूर्ण प्रदेशावर एकदम नजर टाकणारे रडार का वापरू नये? अवश्य वापरावे, पण रडार पाऊस मोजत नाही, प्रतिध्वनी मोजते. ते सोडत असलेल्या सूक्ष्मलहरी थेंबांवर आदळून परततात. परतणाऱ्या लहरींची तीव्रता थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असते. दोन मिलिमीटरचा एक थेंब हा एक मिलिमीटरच्या 64 थेंबांइतका प्रतिध्वनी देतो, पाणी मात्र त्यात केवळ आठ थेंबांचे असते. त्यामुळे प्रतिध्वनीवरून पाऊस काढताना थेंबांच्या आकारांविषयी काहीतरी गृहीत धरावेच लागते. मार्शल व पामर यांनी 1948 मध्ये मांडलेले सूत्र त्यासाठी आजही आधाराला घेतले जाते. गारा आल्या की मात्र हे गणित कोलमडते. ओली, मोठी गार प्रचंड प्रतिध्वनी देते आणि रडार नसलेला पाऊस दाखवते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याने जी गारपीट अनुभवली, तशा प्रसंगी ही चूक मोठी होते. कोरड्या हिमाबाबत उलट घडते : त्याचा प्रतिध्वनी क्षीण असल्यामुळे वर्षाव कमी भासतो.

दुसरी मर्यादा अंतराची आहे. पृथ्वी वक्र असल्याने रडारची शलाका दूर जाता जाता जमिनीपासून उंच होत जाते. छत्रपती संभाजीनगर येथे रडार आहे असे मानले, तर पाली तेथून सरळ रेषेत सुमारे 115 किलोमीटरवर येते. अर्धा अंश वर रोखलेली शलाका तेथे पोहोचेपर्यंत जवळपास पावणेदोन किलोमीटर उंचीवर असेल. रडार त्या उंचीवरचे थेंब पाहील. त्यांतले किती वाटेत सुकतील आणि किती वाऱ्याने शेजारच्या मंडळात पडतील, हे त्याला दिसणार नाही.

म्हणून हवामानशास्त्रात दोन्हींची सांगड घातली जाते. मापक असलेल्या ठिकाणी रडारचा अंदाज आणि मापकाची नोंद यांचे गुणोत्तर काढतात व त्या प्रमाणात भोवतालचा रडार-नकाशा दुरुस्त करतात. पावसाचा विस्तार रडारकडून घ्यायचा आणि त्याचे माप मापकाकडून. पण मापके विरळ असतील तर दुरुस्तीही तेवढीच विरळ होते. दोन मापकांच्या मधल्या शिवारात काय पडले, ते शेवटी नुकसानीच्या पंचनाम्याला गेलेल्या तलाठ्यास बांधावर उभे राहूनच पाहावे लागते. आणि 62 च्या आकड्यामुळे तो मुळात तेथवर जाईलच असे नाही.