पंचमहासरोवरांतली साथ : एका विषाणूचा मागोवा

२००५ च्या वसंतात कॅनडात, पंचमहासरोवरांपैकी ऑन्टारिओ सरोवराच्या क्विंटे उपसागरात फ्रेशवॉटर ड्रम जातीचे मासे मरून काठाला लागू लागले. वर्षभरात हेच दृश्य ईरी आणि सेंट क्लेअर सरोवरांत, सेंट लॉरेन्स नदीत दिसलं. ड्रमबरोबर यलो पर्च, गिझार्ड शॅड, राउंड गोबी मेले. मस्कलंजही मेले, आणि ते गळाने मासे धरणाऱ्यांच्या जिवाला लागलं, कारण एक मोठा मस्कलंज वाढायला कित्येक वर्षं जातात.

पाण्यातला प्राणवायू संपला की बहुतेक जातींना एकदमच फटका बसतो. इथे काही ठरावीक जाती मरत होत्या, आणि त्याही थंड पाण्यात, जिथे प्राणवायू भरपूर असतो. मासे चिरून पाहिल्यावर उलगडा झाला. गलफडं फिकी, स्नायूंत रक्ताचे ठिपके, यकृतात आणि वाताशयात रक्तस्राव. कारण होतं व्हायरल हेमरेजिक सेप्टिसेमिया, म्हणजे व्हीएचएस या रोगाचा विषाणू. माणसाला त्याची बाधा होत नाही.

युरोपला हा रोग जुनाच माहीत होता. डेन्मार्कमधल्या एग्टवेड गावावरून त्याला ‘एग्टवेड रोग’ असं नाव पडलं होतं आणि तिथल्या ट्राउटपालकांना त्याने अनेक दशकं छळलं. १९८८ मध्ये तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, समुद्रातून परतणाऱ्या सामनमध्ये सापडला. पंचमहासरोवरांत आलेला प्रकार मात्र वेगळा होता. त्याला ‘चार-ब’ म्हणतात. तिथल्या गोड्या पाण्यातल्या माशांची या विषाणूशी कधी गाठ पडली नव्हती, त्यामुळे त्यांच्यात प्रतिकारशक्तीच नव्हती.

या मागोव्यातली सर्वांत बोलकी नोंद २००३ ची आहे. सेंट क्लेअर सरोवरातून त्या वर्षी घेतलेला मस्कलंजचा नमुना जपून ठेवला होता. पुढे तो तपासला तेव्हा त्यात हाच विषाणू निघाला. म्हणजे साथ दिसण्याआधी किमान दोन वर्षं तो पाण्यात होता. नमुना टाकून दिला असता तर हे कधीच कळलं नसतं.

वसंत हाच घाताचा काळ का? साधारण ४ ते १५ अंश सेल्सिअस पाण्यात विषाणू जोमात असतो. हिवाळ्याने खंगलेले मासे तेव्हाच अंडी घालायला उथळ पाण्यात दाटीने जमतात. आजारी माशाच्या मूत्रातून आणि प्रजननद्रवातून विषाणू पाण्यात उतरतो. पाणी तापलं की तो मंदावतो.

ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आठ राज्यांतून आणि कॅनडाच्या दोन प्रांतांतून जिवंत माशांच्या वाहतुकीवर निर्बंध घातले. तरीही २००७ मध्ये विस्कॉन्सिनचं विनेबागो आणि मिशिगनचं बड लेक या आतल्या तळ्यांतही विषाणू सापडला. गळाला लावायचे जिवंत मासे आणि होडीतलं पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात नेणं घातक ठरतं, हे तेव्हा लोकांच्या गळी उतरवावं लागलं. होडी रिकामी करून धुणं, अंडी आयोडीनच्या द्रावणात निर्जंतुक करणं हे नियम झाले. मोकळ्या पाण्यातल्या माशांना लस टोचता येत नाही. वाहतूक थांबवणं एवढंच हाती असतं.

पुढे मोठ्या साथी ओसरल्या. वाचलेल्या माशांत प्रतिकारशक्ती आली. २०१४ मध्ये केंद्रीय निर्बंध उठले. विषाणू मात्र गेला नाही. २०१७ मध्ये सेंट क्लेअरमध्ये पुन्हा मासे मेले.

आपलं बहुतेक पाणी व्हीएचएसला मानवणारं नाही. पण कोई हर्पीस विषाणूला १८ ते २८ अंशांचं पाणी चालतं, आणि २००४ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्याने एक लाखाहून अधिक कार्प मारले. याच कार्पला आपले मासेमार सिप्रनस म्हणतात. त्याचं बीज आपल्याकडे गाड्यांतून लांबलांब जातं. नदीत मासे मेले की आपण कारखान्याच्या सांडपाण्याकडे बोट दाखवतो. पुष्कळदा ते खरंही असतं. पण तपासल्याशिवाय ते ठरवणं योग्य नाही. २०१३ पासून देशात जलचरांच्या रोगांचं राष्ट्रीय सर्वेक्षण चालतं, त्याचा मुख्य भर मत्स्यशेतीवर आहे. नद्या आणि धरणं त्यात तितक्याच गांभीर्याने यायला हवीत. मासे मेल्याची खबर आली की पाण्याच्या बाटलीबरोबर तडफडणारा मासाही बर्फात घालून त्याच दिवशी प्रयोगशाळेत गेला पाहिजे, आणि त्याचा नमुना पुढच्या तपासणीसाठी जपला गेला पाहिजे.