मोबाइल ऐकवील, पण वाचायला कोण शिकवणार?

परवा पलूसच्या बाजारात ओळखीच्या एक बाई भेटल्या. म्हणाल्या, "बाई, आमचा धाकटा ऐकून शिकणारा आहे हो! पुस्तक धरलं की जांभया देतो. मी आपला मोबाइल लावून देते."

मी हसले खरी, पण मनातून चरकले. कारण हीच चूक मी वर्गात करून बसले होते.

मी अर्धवेळ मराठी शिकवते. पाचवीच्या मुलांचे मी मनाशीच तीन गट पाडले होते : पाहून शिकणारी, ऐकून शिकणारी आणि हातानं करून शिकणारी. एका मुलाला गोष्ट एकदा ऐकली की तोंडपाठ! त्याच्यासाठी मी धडे मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवू लागले. तो खूश, मीही खूश. दिवाळीनंतर नवा उतारा पुढे ठेवला, तर जोडाक्षर आलं की गाडी अडली. कान तयार झाले होते. डोळ्यांना मी कामच दिलं नव्हतं.

मग जरा वाचन केलं. अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली या विषयावरचं संशोधन तपासून पाहिलं. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात, हे खरं. पण 'ऐकणाऱ्या'ला ऐकवूनच शिकवलं तर तो जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. भाषेला तर ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं चारही हवं. नुसत्या फोडणीची आमटी होते का?

म्हणून मोबाइल वाईट असं नाही हं! सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं. बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले. आणि यंत्राच्या मदतीनं घरात अक्षर येणं आपल्या भागाला नवं थोडंच आहे? 'स्त्री' मासिक १९३० साली निघालं ते शेजारच्या किर्लोस्करवाडीहूनच!

घरी एवढंच करा. पहिल्या दिवशी धडा मोबाइलवर लावा, पण पुस्तक उघडं ठेवून, ओळीखाली बोट फिरवत. दुसऱ्या दिवशी मुलानं स्वतः वाचायचं आणि तुम्ही रेकॉर्ड करायचं. मग त्याचा आवाज त्यालाच ऐकवा. कुठं अडखळलो ते त्याचं त्यालाच कळतं. आपल्याला रागवावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी अडलेले पाच शब्द फोडून पाटीवर लिहायचे. चौथ्या दिवशी गोष्ट आजीला आपल्या शब्दांत सांगायची. रोज पंधरा मिनिटं पुरेत. मोबाइल मात्र तुमच्याच हातात असू द्या.

त्या मुलानं मार्चमध्ये एक अख्खा धडा उभं राहून वाचला. सावकाश, पण स्वतः. त्याची आई शेतात मजुरीला जाते. ते रेकॉर्डिंग मी तिला ऐकवलं, तेव्हा ती म्हणाली, "पुन्हा एकदा लावा की!"

तेव्हा मैत्रिणींनो, मुलावर 'हा असाच' असा शिक्का मारायची घाई करू नका.