गादी-उशीत भरण्याच्या वनस्पतिज तंतूंचे सीमाशुल्क वर्गीकरण

या टिपणात आपण एकच प्रश्न सोडवणार आहोत. सावरीचा कापूस, काथ्या आणि साधा कापूस हे तिन्ही गाद्या-उशांत भरले जातात. मग आयातीच्या वेळी तिघांचा दरसूचीतील क्रमांक वेगवेगळा का असतो?

सिरुसेरीच्या आयटी पार्कमध्ये किंवा इतर कुठे नोकरी करताना तुमच्यावर आयात-निर्यातीची प्रणाली लिहिण्याची वेळ येऊ शकते. 'भरण्यासाठी वापर असेल तर अमुक क्रमांक' असा सरसकट नियम तुम्ही लिहिलात, तर प्रत्येक बिल ऑफ एंट्रीमध्ये तीच चूक उमटेल. म्हणून आधी तत्त्व समजून घ्या.

१. क्रमांकाची रचना

जागतिक सीमाशुल्क संघटनेची हार्मोनाइज्ड सिस्टिम 1988 पासून अमलात आहे. पहिले दोन अंक प्रकरणाचे, चार अंक शीर्षकाचे आणि सहा अंक उपशीर्षकाचे असतात. भारताने सीमाशुल्क दरसूची अधिनियम, 1975 च्या पहिल्या अनुसूचीत आठ अंक ठेवले आहेत. पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, शेवटचे दोन आपले.

२. निर्णायक नियम

अर्थनिर्वचनाचा पहिला नियम सांगतो की वर्गीकरण शीर्षकाच्या शब्दांवरून आणि विभाग व प्रकरणांच्या टिपांवरून ठरते. बाजारातले नाव किंवा पोत्यावरचा शिक्का यांवरून ते ठरत नाही.

आता प्रकरण 14 ची टीप 1 पाहा. ज्या वनस्पतिज वस्तू मुख्यतः कापड-उद्योगात वापरल्या जातात, त्या या प्रकरणात येत नाहीत. तसेच प्रक्रिया केल्यामुळे ज्या फक्त कापड-उद्योगालाच उपयोगी उरल्या, त्याही येत नाहीत. अशा वस्तू विभाग 11 मध्ये जातात. म्हणजे 'मी कशासाठी आणले' यापेक्षा 'ही वस्तू मुळात कोणत्या प्रकारची आहे' हा प्रश्न आधी विचारायचा.

३. तीन उदाहरणे

सावरीचा कापूस (कापोक): तमिळमध्ये याला इलवम पंजू म्हणतात. याचे तंतू पोकळ, मेणचट आणि गुळगुळीत असतात. ते एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून नुसत्या त्यांचे सूत कातणे अवघड जाते. मात्र ते हलके असतात आणि पाणी धरत नाहीत, त्यामुळे उशांप्रमाणेच जीवरक्षक जाकिटांतही वापरले गेले. हा मुख्यतः भरण्याचाच माल असल्याने त्याचे उपशीर्षक 1404.90.

काथ्या: गादीत भरला तरी नारळाच्या तंतूचे नाव शीर्षक 53.05 मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. दोर, पायपुसणी, चटया हा त्याचा कापड-तंतू म्हणून मुख्य उपयोग. म्हणून 53.05.

साधा कापूस: न पिंजलेला व न विंचरलेला असेल तर 52.01. पण सरकीला चिकटून राहिलेले आखूड तंतू, म्हणजे लिंटर्स, 1404.20 मध्ये येतात. एकाच बोंडातल्या मालाची इथे दोन प्रकरणे होतात, हे लक्षात ठेवा.

४. अवस्था बदलली की क्रमांक बदलतो

कापोक सूतकताईसाठी पिंजून-विंचरून तयार केला, तर तो 53.05 मध्ये जातो. त्याचीच शिवलेली उशी आणली, तर ती 94.04 मध्ये, कारण आता ती तयार वस्तू आहे.

५. जुन्या तक्त्यांचा सापळा

पूर्वी भरण्याच्या वनस्पतिज मालासाठी 14.02 हे स्वतंत्र शीर्षक होते. 2007 च्या सुधारणेत ते वगळून त्यातला माल 14.04 मध्ये घेतला. जुन्या पुस्तकातून किंवा डेटाबेसमधून 14.02 उचललात, तर आज अस्तित्वात नसलेला क्रमांक तुम्ही भराल. प्रणालीत क्रमांकासोबत आवृत्तीचे वर्षही साठवा.

६. चुकीची किंमत

2011 पासून आयातदार स्वतःच शुल्क-आकारणी करतो, त्यामुळे जबाबदारी त्याची. शुल्क कमी भरले गेल्यास कलम 28 खाली व्याजासह मागणी येते. त्याची मुदत साधारणपणे दोन वर्षे असते, हेतुपुरस्सर चुकीची माहिती दिली असल्यास पाच वर्षे. शंका असेल तर माल मागवण्याआधीच मुंबई किंवा दिल्लीच्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

स्वाध्याय

१. काथ्या भरलेली तयार गादी आणि सुट्टा काथ्या यांची शीर्षके सांगा व कारण द्या.
२. 'कापोक' या शब्दावरून थेट क्रमांक देणाऱ्या प्रोग्रामने आयातदाराला आधी कोणते दोन प्रश्न विचारायला हवेत?