खिळा दिसतच नाही, मग पट्टी धरून ठेवतं कोण? पिन गनचं खरं काम समजून घ्या

फर्निचरच्या रील बघताना तुम्ही हे नक्की पाहिलं असेल. कारागीर सागवानी पट्टी दाराच्या चौकटीवर ठेवतो, पिस्तुलासारखं काहीतरी टेकवतो, 'टक्' असा आवाज होतो आणि पट्टी जागेवर. हातोडी नाही, खिळ्याचं डोकं नाही, पुट्टीचे ठिपके नाहीत. खाली कमेंटमध्ये दोन प्रश्न हमखास असतात. ही गन कितीला मिळते? आणि हिने भिंतीवर शेल्फ लावता येईल का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकू. नाही. का नाही, हे कळलं की गन कशासाठी आहे तेही कळतं.

खिळ्याची जाडी 'गेज'मध्ये मोजतात आणि हे माप उलटं चालतं. आकडा मोठा तितका खिळा बारीक. पिन गन 23 गेजची, म्हणजे तिची पिन साधारण 0.6 मिलिमीटर जाड. शिवणकामाच्या टाचणीच्या आसपास समजा. साइटवर जी एफ 30 गन दिसते ती 18 गेजची. तिचा खिळा याच्या जवळपास दुप्पट जाड असतो आणि त्याला छोटं डोकंही असतं, त्यामुळे त्याचं भोक बुजवावं लागतं. दुकानात नुसतं 'पिन गन' म्हणून मागितलं तर एफ 30 सुद्धा हातात पडू शकते, म्हणून गेज सांगूनच मागा.

आतलं काम सोपं आहे. कॉम्प्रेसरमधली दाबलेली हवा नळीतून गनमध्ये येते. ट्रिगर ओढला की ती हवा पिस्टनला खाली ढकलते. पिस्टनला जोडलेली पातळ सळई पिनांच्या पट्टीतली एक पिन तोडते आणि लाकडात घुसवते. हे सगळं डोळ्यांची पापणी लवायच्या आत होतं.

आता मुद्द्याचं. पिनेला डोकं नाही, जाडीही नाही. त्यामुळे पट्टी ओढली तर ती पिनेवरून सरळ निघून येते. आमच्या घरी काम चालू होतं तेव्हा मी मिस्त्रींना विचारलं होतं, इतक्या बारीक पिनेवर बीडिंग टिकणार कशी? ते हसले आणि डिंकाच्या डब्याकडे बोट दाखवलं. पकड डिंकाची असते. तो वाळेपर्यंत पट्टी सरकू नये, एवढंच पिनेचं काम. पूर्वी त्यासाठी शिकंजे लावून किंवा चिकटपट्टी बांधून तासन् तास थांबावं लागायचं. नक्षीदार मोल्डिंगला तर शिकंजा धड बसतही नाही.

ही कल्पना नवी नाही. हॉवर्ड ह्यूजचं एच-4 हर्क्युलिस नावाचं अवाढव्य लाकडी विमान 1947 मध्ये एकदाच उडालं. त्याचे लाकडी भाग डिंकाने जोडताना खिळे मारले आणि डिंक वाळल्यावर ते उपटून काढले. हवेवर चालणाऱ्या नेल गनचा उगमही याच विमानाच्या कामाशी जोडला जातो. पिन गनमध्ये फरक इतकाच की पिन उपटायची गरज नाही, ती दिसतच नाही.

मग पिन किती लांब घ्यायची? समजा बीडिंग 10 मिलिमीटरची आहे आणि खाली 18 मिलिमीटरचा प्लाय. 25 ची पिन घेतली तर 15 मिलिमीटर प्लायमध्ये जाते, ठीक आहे. पण खाली 12 चाच प्लाय असेल तर तीच पिन मागून बाहेर डोकावणार. वीतभर अंतराने पिना मारा आणि शेजारच्या दोन पिना एकमेकींकडे किंचित तिरक्या ठेवा, पट्टी सहज उचकटत नाही. हवेचा दाब 70 पीएसआयच्या आसपास ठेवून आधी टाकाऊ तुकड्यावर मारून बघा. पिन वर राहिली तर दाब थोडा वाढवा, पण गनवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आतच.

आता जे रीलमध्ये दिसत नाही ते. लाकडाला रेषा असतात आणि इतकी बारीक पिन गाठीला किंवा कडक रेषेला लागली की वाकते. सरळ जाण्याऐवजी ती वळते आणि पट्टीच्या बाजूने बाहेर येते. नेमकं तिथेच तुमचं दुसऱ्या हाताचं बोट पट्टी धरून असतं. पिन जितकी लांब, त्याहून जास्त अंतरावर बोटं ठेवायची, हा नियम याचसाठी. पट्टी अगदी लहान असेल तर बोटाऐवजी लाकडाच्या तुकड्याने दाबून धरा. काही पिन गनना टोक टेकवल्याशिवाय न चालणारी सुरक्षा कळ नसते, फक्त ट्रिगर असतो. त्यामुळे रिकामी वाटणारी गनसुद्धा कुणाकडे रोखायची नाही. अडकलेली पिन काढताना आधी हवेची नळी काढायची. आणि चष्मा लावायचाच.

जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, म्हणून लोक पिन ओढून काढतात आणि कामाला लागतात. इथेच चूक होते. अमेरिकेतल्या ओशा आणि नायॉश या कामगार सुरक्षा संस्थांनी 2011 मध्ये नेल गनवर मार्गदर्शिका काढली. तिच्यानुसार हाताच्या अशा जखमांपैकी चारातल्या एकीत हाडासारख्या आतल्या भागाला इजा झालेली असू शकते. म्हणून जखम किरकोळ वाटली तरी लगेच डॉक्टरकडे जायचं, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारायचं.

गन घ्यायचीच असेल तर एक दिलासा. पिन गनला हवा फार लागत नाही, घरगुती छोटा कॉम्प्रेसर पुरतो. फक्त पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे टाकीत पाणी साचतं, ते काम संपल्यावर खालचा व्हॉल्व्ह उघडून काढून टाका. नाहीतर ते गनमध्ये जातं. बाथरूमच्या चौकटीला किंवा समुद्राजवळच्या घरात स्टेनलेसच्या पिना मागा, साध्या पिना गंजून पॉलिशखाली काळा डाग धरतात.